दोन्ही कुप्या पिवळ्या

मंगळवारी सकाळी दुकान उघडण्याआधी डेल्मा क्रॅडकने मागच्या खोलीतल्या छोट्या उबदार डब्याचं झाकण उचललं, तर आतल्या दोन्ही कुप्या पिवळ्या झाल्या होत्या. एक पिवळी व्हायलाच हवी होती. दुसरी जांभळी राहायला हवी होती. तिने झाकण परत लावलं, हात एप्रनला पुसले आणि पुन्हा उघडलं. दोन पिवळ्या कुप्या, करंगळीएवढ्या, शेजारी शेजारी उभ्या. लेबलं उलटसुलट लागली असतील असं वाटून तिने उजवीकडची उचलून खिडकीपाशी धरली. लेबलावरची खूण तपकिरी पडली होती, म्हणजे ही कुपी वाफेच्या यंत्रातून जाऊन आलेलीच होती. कडक वाफेच्या तापात आणि दाबात वीस मिनिटं राहून ती बाहेर आली होती आणि तिच्या आतलं काहीतरी जिवंत होतं. बाहेर पश्चिमेचा गरम वारा रस्त्यावरून धूळ आणि जॅकरांडाची फुलं ढकलत होता. समुद्रावर कोळशाची जहाजं रांगेत थांबलेली होती. डेल्माला ती खिडकीतून दिसत नव्हती, पण या शहरात जन्म काढलेल्या माणसाला ती तिथं आहेत हे पाठीलाही कळतं.

कान टोचायला आलेल्या पोरांना ती हे सगळं समजावून सांगायची, आणि समजावताना तिला स्वतःलाच मजा यायची. कुपीत रस आहे, रसात जंतू आहेत, पण ते जागे नाहीत. प्रत्येकाने एक टणक साल पांघरलीय आणि तो झोपलाय. साधं उकळतं पाणी त्याच्या सालीला काही करत नाही. म्हणून आपण दर सोमवारी अशी एक कुपी अवजारांबरोबर यंत्रात घालतो, दुसरी बाहेर ठेवतो, आणि मग दोघींना एक दिवस ऊब देतो. बाहेरच्या कुपीतले जंतू उठतात, रस खातात, रस पिवळा होतो. यंत्रातल्या कुपीतले उठत नाहीत, कारण ते मेलेत. मग सांग पाहू, आतली कुपी कुठल्या रंगाची असायला हवी? पोरं ओरडायची, जांभळी! आणि पिवळी झाली तर? तर डेल्मा डोळे मोठे करायची आणि म्हणायची, तर मी कुणाच्याच कानाला हात लावणार नाही. सतरा वर्षं ती हे सांगत आली होती. सतरा वर्षांत आतली कुपी एकदाही पिवळी झाली नव्हती, आणि एखादी गोष्ट इतकी वर्षं झाली नाही की ती गोष्ट उरतच नाही, नुसतं तिच्याबद्दलचं वाक्य उरतं.

यंत्र कोपऱ्यात बसलं होतं, पांढरं, गोल दाराचं. तिने दाराच्या रबराला बोट लावलं. एका जागी ते कडक झालं होतं, तिथं नख रुतत नव्हतं. गेले काही आठवडे शेवटी शेवटी ते यंत्र एक बारीक सुस्कारा टाकायचं आणि खाली ओट्यावर पाण्याचे दोनचार थेंब पडायचे. तिने ते रोज फडक्याने पुसले होते. किती आठवडे? तिला आठवेना. थेंब आठवत होते, फडकं आठवत होतं, निळ्या काठाचं. तारीख आठवत नव्हती. आणि अवजारांच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला बाण दर वेळी तपकिरी होऊन आला होता. बाण इतकंच सांगतो की पाकीट तापलं. आत कोण मेलं आणि कोण नाही ते बाणाला माहीत नसतं. हे वाक्यसुद्धा तिचंच.

"अगं ए डेल, अशी काय उभी आहेस खांबासारखी? भूत पाहिलंस की काय?" पुढच्या दारातून रॉझ आत आली. रॉझ फोन, कागद, सामानाची मागणी आणि रडणाऱ्या पोरांच्या आया सांभाळायची. वय चौसष्ट, आवाज बंदरातल्या भोंग्यासारखा. हातात दोन कॉफ्या होत्या. डेल्माने कुपी पुढे केली. रॉझने चष्मा डोक्यावरून नाकावर ओढला.

"ही बाहेरची ना?"

"आतली."

रॉझने कॉफ्या हळूच खाली ठेवल्या. "चुकून झालं असेल. कुपीच खराब असेल. परत लाव एकदा, उद्या सकाळी बघू."

"परत लावणारच आहे. पण आजचं सगळं बंद. शेल्फवरची सगळी पाकिटं बाजूला काढ, एकही वापरायचं नाही. यंत्रवाल्याला फोन कर. नगरपालिकेच्या आरोग्य खात्याला मी करते."

"आणि लोक?"

"लोकांना आज सांगायचं."

"आज? अगं, उद्या जांभळी आली तर उगाच घाबरवून ठेवशील सगळ्यांना. सुया तर कारखान्यातून बंद पाकिटात येतात, एकदा वापरून डब्यात टाकतो आपण. यंत्रातून जातं काय? चिमटे आणि दागिने."

"दागिनाच तर आत राहतो, रॉझ. सुई क्षणभर जाते. दागिना महिनोन्‌महिने राहतो."

रॉझने मान हलवली, मग कुप्यांच्या नोंदीचं रजिस्टर ओढून घेतलं आणि बोट फिरवत मागं गेली. "गेल्या सोमवारची जांभळी आहे. तुझ्या अक्षरात लिहिलंय. म्हणजे काय झालं ते गेल्या सोमवारनंतर झालं. आठ दिवस." तिने गिऱ्हाइकांच्या अर्जांच्या फायलीतून कागद वेगळे काढायला सुरुवात केली आणि टेबलावर एकेक ठेवत मोजले. "अकरा. अकराच जणं आहेत गं बाई. मी तर म्हटलं शंभर निघतात की काय." आणि ती हसली, सुटका झाल्यासारखी. डेल्माही हसली. आपलं तोंड हसतंय हे तिला आतून, गालांच्या ताणावरून कळलं.

रजिस्टरात गेल्या सोमवारची जांभळी होती. त्याआधीच्या सोमवारची होती. त्याच्याही आधीच्या. त्या तिन्ही सोमवारी कुप्या नव्हत्याच. कुप्यांचा खोका ऑक्टोबरात संपला होता. रॉझला मागवायला सांगायचं हे तिच्या डोक्यात होतं, पण त्या दिवशी एका पोराला चक्कर आली, मग नळवाला आला, आणि सोमवारी संध्याकाळी रजिस्टर उघडलं तेव्हा रकाना रिकामा होता. रिकामा रकाना वाईट दिसतो. तिने लिहिलं, जांभळी. निळ्या पेनाने, नेहमीसारखं, आणि खाली सही केली. त्यात खोटं बोलल्यासारखं काही वाटलं नव्हतं. उद्या सूर्य उगवेल असं लिहिल्यासारखं वाटलं होतं. दुसऱ्या सोमवारी तर विचारही आला नाही. तिसऱ्या सोमवारी नेहमीच्या मागणीबरोबर आलेला नवा खोका टेबलावर होता, न फोडलेला, आणि तरी तिने हात धुऊन झाल्यावर आधी रकाना भरला आणि म्हटलं, पुढच्या आठवड्यापासून नीट. आज ती पुढचा आठवडा पाहत होती. यंत्र केव्हा बिघडलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटची खरी जांभळी कुपी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातली होती. चार आठवडे. मोजायची गरज नव्हती, पण तिच्या मनाने मोजलं: अडतीस माणसं. रॉझच्या बोटाखाली अकरा होती. सत्तावीस माणसं फायलीत तशीच उभी होती आणि त्यांच्याबद्दल या जगात एकाच माणसाला माहीत होतं.

रॉझ फोनला बसली. तिचा आवाज मागच्या खोलीपर्यंत येत होता, आणि डेल्मा शेल्फवरची पाकिटं एका पेटीत भरत तो ऐकत होती. "नाही हो मिस्टर ऑडली, तुमचा कान गळून पडणार नाही. पाळीला आहे ना तुमचं? हो, सत्तराव्या वाढदिवसाचं, माहितीये मला, बायकोने फोटो दाखवला होता. रक्त तपासून घ्या एकदा, इतकंच. काळजीचं नाही, पण तपासून घ्या. आणि फिरवू नका ती रिंग, कितीदा सांगितलंय." मग दुसरा नंबर. मग तिसरा, कानाच्या मधल्या वाटीत टोचून घेणारी नर्स, तिने स्वतःच सगळे प्रश्न विचारले आणि स्वतःच उत्तरं दिली. चौथा पोरगा, ज्याने वरच्या कडेला दोन भोकं पाडून त्यांतून एकच आडवी दांडी घातली होती. तो म्हणाला म्हणे, भारी, म्हणजे मी आता झॉम्बी होणार का? रॉझ त्याच्यावर खेकसली, आणि डेल्माला त्याही अवस्थेत हसू आलं, आणि ते हसू पुरं होण्याआधीच बंद पडलं.

प्रत्येक कानाची जागा वेगळी आणि प्रत्येक जागेची भीती वेगळी. पोरांना शिकवताना ती स्वतःचा कान पुढे करायची. तिच्या डाव्या कानाला नऊ भोकं होती आणि तो तिचा फळा होता. ही पाळी. मऊ, रक्ताने भरलेली, दीड महिन्यात भरून येते, बाळालाही चालते. ही बुगडीची जागा, वरची कडा. हे कानाच्या दारातलं बोंडूक. ही आतली घडी, ही त्याच्याही आतली, हिला पोचायला वाकडी सुई लागते. हा शंख. आता पाळी सोडून सगळीकडे चिमटा काढून बघ, टणक लागतं ना? त्याला कूर्चा म्हणतात. तिच्यात स्वतःची रक्तवाहिनी एकही नाही. ती शेजाऱ्याकडून जेवते. वरची कातडी तिला चिकटून असते, तीच तिला भरवते. म्हणून तिथं आपण सुईच वापरायची, धारदार, पोकळ, एका दमात आरपार. टोचायची बंदूक कधीच नाही. बंदूक बोथट टोक दणक्याने घुसवते, कूर्चा फुटते, आणि बंदूक यंत्रात घालून उकळताही येत नाही, प्लास्टिक वितळतं. आधी जरा लांब दांडी घालायची, सूज आली तर तिला जागा हवी. मिठाच्या पाण्याने धुवायचं, फिरवायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही, समुद्रात बुडी मारायची नाही, जखम भरेपर्यंत. आणि कातडीखाली पू झाला तर कातडी कूर्चेपासून सुटते, आणि मग शेजाऱ्याचं दार बंद. तिला जेवण नाही. इथं ती थांबायची. पुढचं ती पोरांना सांगत नसे.

पुढचं तिने पाहिलं होतं. बाविसाव्या वर्षी ती मेफील्ड उपनगरातल्या एका औषधांच्या दुकानात होती, काउंटरवर, आणि तिथं साबणांच्या शेल्फमागे एक उंच स्टूल होतं आणि एक गुलाबी बंदूक. अर्ध्या दिवसाचं शिक्षण. पाळी चालेल, वर नको, इतकं त्यांनी सांगितलं होतं. एका शनिवारी एक बाई तिच्या बारा वर्षांच्या लेकीला घेऊन आली, लिएन नाव होतं, आणि म्हणाली, वरच हवंय तिला, मैत्रिणीचं वर आहे. डेल्मा म्हणाली, वर करत नाही आम्ही. बाई म्हणाली, अगं कर की, एक इंच वर काय आणि खाली काय. आणि मागं रांग होती. बंदुकीचा खट् असा आवाज झाला, त्यानंतर आणखी एक बारीकसा आवाज आला, आतून, सुकी कांडी मोडावी तसा. लिएनने डोळे घट्ट मिटून घेतले आणि म्हणाली, झालं? साडेतीन आठवड्यांनी ती बाई परत आली तेव्हा पोरीच्या डोक्याला पट्टी होती. दुकानाचे मालक पर्डीसाहेब त्यांना पडद्यामागे घेऊन गेले. मग त्यांनी डेल्माला बोलावलं आणि अगदी मायेने विचारलं, तू त्यांना हात लावू नका म्हणून सांगितलं होतंस ना? पोरी सारख्या हात लावतात. डेल्माने मान डोलावली. एवढंच. एक शब्दही बोलली नव्हती ती. नंतर दोन वर्षांनी बसमध्ये तिला लिएन दिसली, केस कापलेले, आणि उजव्या कानाची वरची बाजू सुकवलेल्या जर्दाळूसारखी आक्रसून गेलेली. डेल्मा पुढच्याच थांब्यावर उतरली आणि उरलेली वाट चालत गेली. त्यानंतरच तिने हे काम नीट शिकायचं ठरवलं असं ती लोकांना सांगत असे, आणि तेही खरंच होतं. पण चालत जाताना आपल्याला मोकळं वाटलं होतं हेही खरं होतं. सुटले, असं वाटलं होतं.

दुपारी यंत्रवाला येऊन गेला. त्याने रबर बघून शीळ घातली आणि म्हणाला, हे बरेच दिवसांचं आहे, बाई. किती दिवसांचं, डेल्माने विचारलं. त्याने खांदे उडवले. एक आठवडा, सहा आठवडे, रबर काय तारीख लिहून ठेवतं? आरोग्य खात्यातल्या बाईंचा फोन आला. त्यांचा आवाज तरुण आणि नीट होता. शेवटची चांगली चाचणी कोणत्या तारखेची? डेल्माने रजिस्टर उघडलं. तिच्या डोळ्यांसमोर तीनदा लिहिलेला ‘जांभळी’ हा शब्द होता, तिच्याच वळणाचा, ज या अक्षराचा पाय जरा लांब ओढलेला. "मी पुन्हा बघून कळवते," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या कानात सूं असा आवाज सुरू झाला आणि थांबेना. दुकानाच्या काचेतून ती रस्त्याकडे बघत राहिली. लोक जात होते आणि तिला नुसते कान दिसत होते. गणवेशातल्या पोरींचे कान, बसथांब्यावरच्या म्हाताऱ्याचे केस उगवलेले कान, बाबागाडीतल्या बाळाचे उन्हात लाल दिसणारे कान, कातडीतून उजेड आरपार जाणारे. कोणता आपला? कितीतरी कान तिच्या हाताखालून गेले होते, आणि त्यांतल्या काहींत आत्ता, या क्षणी, काहीतरी साल टाकून जागं होत असेल आणि भुकेलं असेल. किंवा नसेलही. बहुधा नसेलच. वाफ अगदीच वाया जात नाही, बहुतेक जंतू तेवढ्यानेही मरतात, उगाच घाबरवशील हे रॉझचं म्हणणं खोटं नव्हतं. सत्तावीसजणांपैकी सत्तावीसही ठीक असतील. मग सांगायचं कशाला, असं मन म्हणालं, आणि ते इतकं समंजसपणे म्हणालं की तिला पर्डीसाहेबांचा आवाज ऐकल्याचा भास झाला.

"झाले गं अकरा," रॉझने फोन बाजूला सरकवला. "एकाने शिव्या दिल्या, बाकीचे गोड बोलले. सगळ्यांचे कान ठीक आहेत. चल, आता खाऊन घे काहीतरी, सकाळपासून कॉफीवर आहेस."

"रॉझ, अकरा नाहीत."

"मोजलेत मी."

"कुप्या ऑक्टोबरातच संपल्या होत्या. तीन सोमवार मी नुसतंच लिहिलं."

रॉझने चष्मा काढला. चष्मा काढल्यावर तिचे डोळे लहान आणि थकलेले दिसत.

"मला का नाही सांगितलंस? सामान मी मागवते. एक शब्द टाकायचा होतास, दुसऱ्या दिवशी खोका आला असता."

"विसरले. मग लिहिलं. मग लिहिलेलंच होतं."

"आणि सकाळी मी मोजत होते, अकरा अकरा करत नाचत होते, तेव्हा तू माझ्यासमोर हसत होतीस."

"हो."

"दुकान बंद करतील, डेल. कळतंय का तुला? कुपी पिवळी आली तर कुणी काही म्हणत नाही, यंत्रं बिघडतात. पण हे..." तिने रजिस्टरवर बोट ठेवलं आणि लगेच उचललं, चटका बसल्यासारखं. "कागदावर आठ दिवस आहेत. आठच आहेत. मी काही ऐकलेलं नाही." तिने पर्स खांद्याला लावली आणि बाहेर गेली. काचेपलीकडे ती फुटपाथवर उभी राहिलेली दिसली, वाऱ्याला पाठ करून, सिगारेट पेटवत. तिने सोडून सहा वर्षं झाली होती.

डेल्माने फायलीतून उरलेले अर्ज काढले आणि तारखेचा विचार न करता जागांप्रमाणे लावले. पाळ्या खाली. कूर्चा वर. कूर्चेत पोरंटोरं सगळ्यात वर. सर्वांत वरच्या कागदावर टॅमसिन वेल्च हे नाव होतं, वय पंधरा, वरची कडा, उजवा कान. अडीच आठवड्यांपूर्वीचा शनिवार. सही आईची. तिला ती पोरगी लगेच आठवली. आरशात पेनाचा ठिपका बघून म्हणाली होती, अर्धा मिलीमीटर मागं घ्या, आणि आई म्हणाली होती, हिला सर्जन करा. बारकी, उन्हाने नाक सोललेली, बंदरापलीकडे स्टॉकटनला राहणारी, रोज बोटीने शाळेला येणारी. सुई जाताना ती डेल्माला कविता म्हणून दाखवणार होती आणि पहिल्याच ओळीत विसरली. आईचा फोन वाजत राहिला आणि मग फोनच्या यंत्राने निरोप मागितला. आई एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात होती, कामाच्या वेळी फोन कपाटात असतो असं त्या दिवशी म्हणाली होती. डेल्माने परत फोन करा एवढंच सांगितलं आणि खालचा, मुलीचा नंबर लावला.

"हॅलो?" मागं वारा होता आणि पोरांचा गलका.

"टॅमसिन, मी डेल्मा. कान टोचणारी. कुठं आहेस बाळा?"

"धक्क्यावर. बोट येतेय. का?"

"कान कसा आहे तुझा?"

"मस्त! म्हणजे मधे जाम लाल झाला होता, गरमगरम. आईने गुरुवारी डॉक्टरकडे वेळ घेतलीय. पण आता गरजच नाही वाटत. परवापर्यंत दुखायचं ना, ते काल एकदम थांबलं."

डेल्मा उठून उभी राहिली. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज तिला दुसऱ्या कुणीतरी केल्यासारखा वाटला. "पोहायला गेली होतीस का?"

"दोनदाच. डोकं वर ठेवलं होतं. म्हणजे बहुतेक."

"बरं. आता माझ्यासाठी एक काम कर. फोनचा कॅमेरा लाव आणि दोन्ही कान बघ, आधी डावा, मग उजवा. वरची कडा दोन्हीकडे सारखीच आहे?"

गलका, वारा, कुणीतरी हसलं. मग पोरगी परत आली. "नाही. उजवीकडची जरा... वाकलीय. आत पडल्यासारखी. आणि चमकतेय."

"हात न लावता सांग, टणक वाटते की..."

"लावला आधीच. सॉरी. मऊ आहे. अगदी मऊ, उकडलेल्या मॅकरोनीसारखी. दुखत नाही काही."

दुखत नाही. शेजाऱ्याचं दार बंद झाल्यावर आत काही काळ आरडाओरडा होतो आणि मग होत नाही. डेल्माने टेबलाची कड धरली. आणि मग तिचा आवाज निघाला तो नेहमीचा निघाला, स्टुलावर बसलेल्या पोरांसाठीचा, सावकाश आणि स्वच्छ, एकेक शब्द हातात ठेवल्यासारखा.

"नीट ऐक. बोटीत चढू नकोस. गुरुवारपर्यंत थांबायचं नाही, आत्ता जायचं, मोठ्या हॉस्पिटलात, तातडीच्या दारातून. दागिना काढू नकोस, त्याच वाटेने घाण बाहेर येतेय. तिथं पहिल्या माणसाला सांगायचं, कूर्चेत टोचलंय, पू झालाय, कडा मऊ पडलीय. नेहमीच्या गोळ्या याला पुरत नाहीत, म्हणून कूर्चा हा शब्द सांगायचाच. म्हणून दाखव."

"कूर्चेत टोचलंय. पू झालाय. कडा मऊ पडलीय." पोरगी थांबली. "कान जाणार का माझा?"

"थोडा जाईल कदाचित. आज गेलीस तर कमी जाईल. मी गाडी घेऊन येते, दहा मिनिटांत पोचते, आईला वाटेतून फोन लावत राहते."

"पण तुम्हाला कसं कळलं? मी तर काही कळवलं नव्हतं."

"आमचं यंत्र बिघडलंय. अवजारं नीट साफ झाली नसतील. त्याने झालं की समुद्राच्या पाण्याने, ते मला सांगता येणार नाही. म्हणून सगळ्यांना फोन करतोय."

"कधी बिघडलं?"

"आज सकाळी कळलं."

"सकाळी? माझ्या मैत्रिणीच्या भावाला अकरा वाजताच फोन आला, आडव्या दांडीवाल्याला. तो सगळ्यांना सांगत होता आपण झॉम्बी होणार म्हणून. मग मला आत्ता का? साडेचार वाजलेत."

उत्तरं होती. नंबर लागत नव्हता. कागद खाली राहिला होता. पोरी शाळेत असतात. तिन्ही तिच्या तोंडाशी आली, आणि तिन्ही चांगली होती. बाहेर रॉझ अजून उभी होती, काचेला पाठ टेकून.

"सकाळच्या यादीत तुझं नाव नव्हतं," डेल्मा म्हणाली. "असायला हवं होतं. मी एक तपासणी न करताच केली म्हणून लिहिलं होतं, त्यामुळे तू यादीतून सुटलीस. आणि सकाळपासून मला ते माहीत होतं."

फोनमध्ये बोटीचं इंजिन जवळ आलं. लोखंडी फळी धक्क्यावर आपटली. पावलं, दप्तरं, कुणीतरी टॅम, टॅम म्हणून हाक मारली.

"मग मी तुमच्या गाडीत का बसू?" पोरगी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता.

"नको बसूस. टॅक्सी कर, शिक्षकांना सांग, धक्क्यावर जो कोणी मोठा माणूस असेल त्याला सांग. माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. फक्त बोटीत चढू नकोस."

फळी वर ओढल्याचा आवाज आला, साखळी, मग इंजिनाची घरघर वाढली, आणि त्या घरघरीत पोरीचा श्वास होता की वारा ते डेल्माला कळेना; ती बोटीवर होती की धक्क्यावर ते कळेना. गाडीची किल्ली हातात घेऊन ती दारापर्यंत आली होती आणि तिथंच थांबली, फोन कानावर इतका दाबून की टोचलेल्या नऊही जागा दुखायला लागल्या. घरघर हळूहळू कमी होत गेली.

"बोट गेली," टॅमसिन म्हणाली. "मी धक्क्यावरच आहे. या तुम्ही. पण आईला तुम्ही सांगायचं. सगळं. मी नाही सांगणार."